भाताचा करपा पानात शिरतो कसा: मॉलिक्युलर प्लांट पॅथॉलॉजीत नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

बीएस्सी ऍग्री किंवा बायोटेक करणारी बरीच मुलं विचारतात की ताई, वनस्पती रोगशास्त्रात मॉलिक्युलर काम करायचंय तर सुरुवात कशाने करू, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती करायची पद्धत) शिकू का, बायोइन्फॉर्मॅटिक्सचा (कॉम्प्युटरवर जीनची माहिती तपासण्याचा) कोर्स लावू का. मी सगळ्यांना एकच सांगते. आधी एक रोग पकडा आणि बीजाणू (बुरशीचं सूक्ष्म बी) पानावर पडल्यापासून डाग दिसेपर्यंत कुठल्या तासाला काय चालू असतं ते तोंडपाठ करा. जीनची नावं नंतर आपोआप जागेवर बसतात.

माझं काम भाताच्या करप्यावर झालं म्हणून त्याचंच उदाहरण देते. एक गोष्ट आधीच, कडा करपा वेगळा, तो जिवाणूमुळे होतो. आपण बोलतोय तो बुरशीचा करपा, पानावर डोळ्याच्या आकाराचे डाग, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी, आणि लोंबी आल्यावर मानेवर आला तर मान काळी पडून मोडते नि दाणेच भरत नाहीत. बुरशीचं नाव मॅग्नापोर्थे ओरायझी, बऱ्याच पेपरांत पायरिक्युलेरिया ओरायझी लिहिलेलं असतं, सर्च करताना दोन्ही टाका नाहीतर अर्धे पेपर हातातून जातील.

आता तासांचा हिशोब. बीजाणू तीन पेशींचा, नासपतीच्या आकाराचा. पान ओलं झालं की त्याच्या टोकातून चिकट द्रव बाहेर येतो आणि तो पानाला चिकटतो, साधारण दोन तासांत अंकुरनलिका बाहेर पडते. ही नलिका पृष्ठभाग चाचपते, म्हणजे तो कडक आहे का, पाणी न धरणारा मेणचट आहे का, क्युटिनचे (पानावरच्या मेणचट आवरणातल्या पदार्थाचे) तुकडे मिळतायत का, आणि हे सिग्नल पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू आणि पीएमके१ नावाचं एमएपी कायनेज (सिग्नल पुढे देणारं एन्झाइम) यांच्या साखळीतून जातात. पीएमके१ चा जीन काढून टाकला तर नलिकेचं टोक वाकतं पण पुढे काहीच होत नाही, आणि पान जखमी करून आत घातली तरीही ती बुरशी रोग करू शकत नाही. पीएमके१ वरच्या १९९६ च्या पेपरपासून सुरुवात करा, जुना आहे पण विचार कसा करायचा ते शिकवतो.

सगळे सिग्नल जुळले तर टोक फुगून घुमट तयार होतो, त्याला ऍप्रेसोरियम म्हणतात, आठेक तासांत दिसायला लागतो. इथे थोडं थांबा कारण माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. बाहेरून काहीही अन्न मिळत नसताना बीजाणू स्वतःतला साठा, ग्लायकोजेन नि चरबी, मोडून घुमटाकडे पाठवतो आणि स्वतः ऑटोफॅजीने, म्हणजे स्वतःचेच भाग पचवून, मरतो, आणि ते मरणं थांबवलं तर घुमट कामच करत नाही. घुमटात ग्लिसरॉल साठत जातं, भिंतीच्या आतल्या बाजूला मेलॅनिनचा थर असतो तो पाणी आत येऊ देतो पण ग्लिसरॉल बाहेर जाऊ देत नाही, म्हणून दाब वाढत वाढत ८ मेगापास्कलपर्यंत जातो. कारच्या टायरमधे ३२ च्या आसपास पीएसआय हवा असते, इथे अकराशेच्या वर, आणि तेही डोळ्याला न दिसणाऱ्या पेशीत! मग घुमटाच्या तळाशी सेप्टिन प्रथिनांचं कडं तयार होतं, ते ऍक्टिनच्या धाग्यांना (पेशीच्या आतल्या सांगाड्याला) जागेवर धरतं, आणि तिथून एक बारीक खुंटी पानाची क्युटिकल (बाहेरचं आवरण) फोडून आत जाते. साधारण चोवीस ते तीस तासांत बुरशी पहिल्या पेशीत असते.

मेलॅनिन कळलं की शेतातलं औषधही कळतं. ट्रायसायक्लाझोल हे करप्यावर मारायचं बुरशीनाशक बुरशीला थेट मारत नाही, मेलॅनिन बनवणारं एक एन्झाइम अडवतं. मेलॅनिन नाही म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे आत शिरणं नाही. म्हणून पडलेला डाग ते बरा करत नाही, पुढच्या बीजाणूंना अडवतं. शेतकरी विचारतात मारलं तरी डाग तसेच का, त्याचं उत्तर हे. आणि युरोपियन युनियनने २०१८ पासून तांदळातल्या त्याच्या अवशेषांची मर्यादा ०.०१ पीपीएम केल्यापासून बासमती निर्यात करणाऱ्यांसाठी हे औषध वापरणं फार अडचणीचं झालंय, त्यामुळे प्रतिकारक वाणांकडे बघावंच लागतं.

आत शिरल्यावर बुरशी पेशीला लगेच मारत नाही हे नवीन मुलांना पटकन पटत नाही. सुरुवातीला काही काळ पेशी जिवंत असते, बुरशीभोवती पेशीचंच पटल गुंडाळलेलं असतं आणि बुरशी इफेक्टर नावाची प्रथिनं सोडत राहते. काही पेशीच्या बाहेरच्या फटीत काम करतात, उदाहरणार्थ एसएलपी१, ते कायटिनचे (बुरशीच्या भिंतीतल्या पदार्थाचे) तुकडे धरून ठेवतं म्हणजे भाताच्या रिसेप्टरला (खूण ओळखणाऱ्या प्रथिनाला) बुरशी आल्याचा पत्ताच लागत नाही. काही थेट पेशीच्या आत जातात. पुढच्या पेशीत जाताना बुरशी प्लाझ्मोडेस्माटाच्या, म्हणजे दोन पेशींना जोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या, वाटा वापरते, आणि गंमत म्हणजे तिथेही पीएमके१ लागतो. चार-पाच दिवसांनी डाग.

भाताकडेही उत्तर आहे. पाय-टा, पाय९, पाय५४ असे प्रतिकारक जीन एकेक इफेक्टर ओळखतात आणि ओळख पटली की ती पेशी स्वतःला मारून बुरशीची वाट बंद करते. पाय५४ हा टेटेप या व्हिएतनामी वाणातला, दिल्लीत क्लोन झाला (म्हणजे तो जीन शोधून वेगळा काढला), आणि २०२१ च्या पुसा बासमती १८४७ मधे तो पाय२ बरोबर आहे. दोन का, तर एका जीनवर भरवसा ठेवता येत नाही. पाय-टा ज्याला ओळखतो तो एव्हीआर-पायटा हा बुरशीचा इफेक्टर जीन क्रोमोसोमच्या अगदी टोकाजवळ असतो, तो भाग सारखा तुटतो-बदलतो, जीन गेला की भात बुरशीला ओळखतच नाही आणि काल प्रतिकारक असलेलं वाण आज बळी पडतं.

आता लॅबचं. माझं ठाम मत आहे की पहिले काही महिने पीसीआर मशीनपेक्षा मायक्रोस्कोपवर जास्त बसा. काचेच्या हायड्रोफोबिक कव्हरस्लिपवर बीजाणूचा थेंब ठेवा, ओलसर डब्यात बंद करा, आणि दर दोन तासांनी बघत रात्र काढा. वरचं सगळं डोळ्यांनी दिसतं. नंतर भाताच्या लीफ शीथची (पानाच्या आवरणाची) चाचणी शिका, त्यात आत शिरलेली बुरशी पेशी-पेशीत मोजता येते. कल्चर (वाढवलेली बुरशी) ओटमील अगार या माध्यमावर वाढवा, आणि सारखं सबकल्चर (जुन्यातून नव्या प्लेटवर नेणं) करू नका, बीजाणू कमी होतात नि रोग करण्याची ताकदही जाते, सुरुवातीलाच फिल्टर पेपरवर वाळवून फ्रीझरमधे साठा करून ठेवा. इनॉक्युलेशनला (रोपांवर मुद्दाम बुरशी टाकायला) दर मिलीला एक लाख बीजाणू हे रूढ प्रमाण, वर चोवीस तास अंधार आणि भरपूर ओलावा, नाहीतर काहीच येत नाही. आणि बळी पडणारं वाण, एचआर-१२ किंवा सीओ-३९, शेजारी लावलेलं नसेल तर निकालाला अर्थ नाही.

एखादा जीन नॉकआउट केला (बंद पाडला) आणि रोग आला नाही म्हणून खुश होऊ नका, जीन परत घालून रोग परत येतो का ते दाखवा, आणि नेमका कुठल्या तासाला अडकला ते लिहा, गाईड नसेल विचारत तरी. अजून एक, २००५ ला आलेला या बुरशीचा जीनोम ७०-१५ या लॅबमधल्या स्ट्रेनचा (वाणाचा) आहे, त्यात एव्हीआर-पिक, एव्हीआर-पिया हे इफेक्टर जीन नाहीतच, त्यामुळे त्यावर ब्लास्ट (BLAST, डीएनएचा क्रम जुळवून शोधायचं सॉफ्टवेअर) करून काही सापडलं नाही म्हणून आपल्या शेतातल्या आयसोलेटमधेही (नमुन्यातून वेगळ्या केलेल्या बुरशीतही) नाही असं समजू नका.

प्रवेशाचं थोडक्यात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांत एमएस्सी ऍग्रीला राज्याची सीईटी, बाहेर जायचं तर आयसीएआरची परीक्षा, पीएचडीला सीएसआयआर नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती. कुठेही असलात तरी एक पावसाळा लोणावळा किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जाऊन करप्याची नर्सरी बघायला मिळते का ते विचारा. तिथलं धुकं आणि पाऊस करप्याला इतका मानवतो की शेकडो वाण एका ओळीत ० ते ९ या रोगाच्या तीव्रतेच्या स्केलवर वाचायला मिळतात, आणि जास्त युरिया टाकला की डाग कसे वाढतात तेही.

विषय निवडायचं स्वातंत्र्य असेल तर नाचणी घ्या असं मी मनापासून सांगेन. हीच प्रजाती नाचणीवरही मान आणि बोटांचा करपा करते, पण भातावरचे आयसोलेट सहसा नाचणीला लागत नाहीत आणि का लागत नाहीत यात इफेक्टरचं बरंच काम बाकी आहे. भाताच्या मानाने पेपर खूपच कमी आहेत, कोकणात आणि कोल्हापूरच्या डोंगराळ भागात पीक आहे, नमुने स्वतः जाऊन आणता येतात, आणि वर सांगितलेल्या सगळ्या पद्धती थोड्याफार बदलाने तिथे चालतात.