गुरूचे त्र्याऐंशी दाते

डिप्लोमा झाल्यावर मी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो. चार वर्षांनी एका संग्राहकाने जुनी पितळी ऑररी आणून दिली. मधोमध सूर्य, भोवती दांड्यांवर ग्रह. मूठ फिरवली की सगळे आपापल्या वेगाने फिरायचे, गुरू मात्र ढिम्म. त्याचं दातेरी चक्रच हरवलेलं. (ऑररी हे नाव एका अर्लच्या पदवीवरून आलं. जॉन रॉलीने १७१३ च्या सुमारास त्याच्यासाठी असं यंत्र घडवलं. आधीची कल्पना जॉर्ज ग्रॅहमची, पण नाव लागलं गिऱ्हाइकाचं!)

नवखी मुलं पितळ दिसलं की घासायला घेतात. घासू नका. वर लाखेचा पातळ थर असतो, तो एकदा गेला की गेला. आधी दाते मोजा. पहिल्या दात्यात दोरा अडकवा, नाहीतर एक हमखास जास्त मोजला जातो. माझ्या ऑररीत वर्षाला एक फेरी घेणारं पिनियन, म्हणजे गुरूचं चक्र फिरवणारं छोटं दातेरी चाक, शाबूत होतं, सात दात्यांचं. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची. सातने गुणलं की ८३.०२, म्हणजे हरवलेलं चक्र ८३ दात्यांचं.

आता ८३ ही मूळ संख्या. डिव्हायडिंग हेड म्हणजे फेरीचे समान भाग पाडणारं साधन. त्याच्या नेहमीच्या भोकांच्या प्लेटींवर ती बसत नाही, डिफरेन्शियल इंडेक्सिंग लावावं लागतं, म्हणजे गिअर जोडून प्लेटही सोबत फिरवावी लागते. आमचे मिस्त्री म्हणाले, “चौऱ्याऐंशी कर की भावा, कोण मोजतंय? गुरूचं एक तप असतंय.” पटलं. गुरू कन्या राशीत आला की भरणारं नरसोबाच्या वाडीचं कन्यागत पर्व बारा वर्षांनीच येतं ना! केलं ८४.

घरी हिशेब मांडला. खरा गुरू बारा वर्षांत पूर्ण फेरी मारून सव्वाचार अंश पुढे जातो. सात तपांत जवळपास एक रास. हरिद्वारचा कुंभही गुरूच्या राशीवरच ठरतो; एरवी बारा वर्षांनी येणारा तो २०१० नंतर २०२१ लाच आला, तो यामुळेच. ८३ दात्यांनी मात्र एका फेरीत दोन दिवसांचीही चूक होत नाही. पुढचे तीन आठवडे इंडेक्सिंग शिकण्यात गेले.

यावर पोट भरत नाही, दिवसभर मी जॉबवर्कच करतो. ते ८४ चं चक्र खणात आहे. शिकायला कोणी आलं की दोरा देतो आणि म्हणतो, मोज.