रानातली अळंबी ओळखताना

सोलापूर हा अळंबीचा मुलूख नव्हे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात रानअळंबी पानांवर मांडून बाजारात विकली जाते, आणि ती कोणती हे एका नजरेत सांगणारी जाणती माणसे तिथे गावोगावी असतात. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी; त्यामुळे अळंबी उगवते ती मोजकेच दिवस, आणि बहुतेक जण तिला सरसकट कुत्र्याची छत्री म्हणून पायाने उडवून पुढे जातात. अक्कलकोटकडच्या कन्नडभाषक घरांतून तिला अणबे म्हणतात, पण तिथेही जातवार ओळख सांगणारे फार थोडे. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख नसताना मोबाईलवर पाहून रानभाजीची हौस मात्र वाढत चालली आहे, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून हे टिपण मुद्दाम अशा वाचकांसाठी लिहीत आहे, ज्यांनी आजवर बटण अळंबीखेरीज दुसरी खाल्लेली नाही.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करावी. अळंबी विषारी आहे की नाही हे सांगणारी कोणतीही घरगुती परीक्षा अस्तित्वात नाही. आधी ती नेमकी कोणत्या जातीची हे ओळखावे लागते आणि त्या जातीविषयी जे ठाऊक आहे त्यावरून निर्णय घ्यावा लागतो. चांदीचे नाणे टाकून पाहावे, ते काळे पडले तर विष समजावे, असे आजही सांगितले जाते. परंतु चांदी काळी पडते ती गंधकयुक्त पदार्थांमुळे, आणि जीवघेण्या अळंबीतील विषाचा चांदीवर काहीही परिणाम होत नाही. लसूण किंवा तांदूळ सोबत शिजवून त्यांचा रंग पाहणे, टोपीची साल सहज निघते का ते पाहणे, भडक रंगाची तेवढी टाळणे, या साऱ्या समजुती तितक्याच निराधार आहेत. किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसालाही चालते हे म्हणणे तर विशेष घातक आहे, कारण गोगलगायी अतिविषारी अळंबी निर्धास्त खातात. मीठ, हळद किंवा चिंच घालून उकळल्याने विष उतरते असेही म्हणतात. अमाटॉक्सिन हे यकृत निकामी करणारे विष उकळून, वाळवून किंवा गोठवून नष्ट होत नाही, आणि ते धारण करणाऱ्या काही जातींची एकच अळंबी प्रौढ माणसाच्या मृत्यूला पुरेशी ठरू शकते.

आपल्या भागात नवख्याने शिकायचीच असेल तर एकच अळंबी शिकावी, असे माझे मत आहे, आणि ती म्हणजे वारुळावरची. वाळवी जमिनीखाली कुजक्या पालापाचोळ्याच्या चोथ्यावर बुरशीची अक्षरशः बाग राखते आणि त्यावर जगते. चांगला पाऊस मुरला की त्याच बुरशीची अळंबी माती फोडून वर येते. सोलापुरात मृगाचा पाऊस बहुधा तुटक असतो, म्हणून सलग ओल धरली तर आर्द्रा-पुनर्वसूत आणि एरवी पूर्वा, उत्तरा या नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मोठ्या पावसानंतर, जुनी वारुळे, बांध आणि बाभळी-निंबाखालची न नांगरलेली जमीन पाहावी. सकाळी लवकर जावे, कारण ही अळंबी एका दिवसात उमलते आणि उन्हात लगेच काळवंडते. वारुळाच्या बिळात हात घालू नये. पावसाळ्यात तिथे साप असण्याचा संभव नेहमीच असतो.

सोबत वेताची किंवा बांबूची टोपली, छोटे खुरपे आणि जुनी वर्तमानपत्रे घ्यावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजते आणि तासाभरात खराब होऊ लागते. अळंबी वरून कापू किंवा उपटू नये. बाजूची माती खुरप्याने हलकेच मोकळी करून ती बुडासकट काढावी, कारण ओळखीची सर्वांत महत्त्वाची खूण बुडाशीच असते. प्रत्येक ठिकाणची अळंबी वेगळ्या कागदात गुंडाळावी आणि कागदावर जागा, जमीन व जवळचे झाड लिहावे.

वारुळावरच्या अळंबीचा दांडा जमिनीत संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खाली जातो, कधी वीतभर तर कधी हातभर, आणि थेट वाळवीच्या त्या बागेपर्यंत पोहोचतो. हे शेपूट बहुतेकदा मध्येच तुटते, तरी त्याचा लांब तुकडा हाती आलाच पाहिजे. टोपीच्या मध्यभागी टणक, टोकदार उंचवटा असतो, जणू माती फोडण्यासाठी बसवलेला फाळ. टोपीखालचे पातळ पापुद्रे पांढरे किंवा फिकट गुलाबीसर असतात आणि दांड्याला चिकटलेले नसतात. बुडाला पेला किंवा फाटकी पिशवी मुळीच नसते. या खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत. चारांपैकी तीन जुळल्या म्हणून चौथी सोडून देणे हीच चूक माणसे करतात. वारुळाजवळ अगदी बारीक, शेकड्यांनी उगवणारी एक जात असते, तिला असे शेपूट नसते. ती खाल्ली जाते हे खरे असले तरी नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

याच खुणांच्या जोडीला बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून झडणाऱ्या भुकटीसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा घ्यावा. पूर्ण उमललेल्या अळंबीचा दांडा कापून टोपी पापुद्रे खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हलवू नये. वारुळावरच्या अळंबीचा ठसा मलईसारखा ते गुलाबीसर येतो.

या ठशाने मला एकदा वाचवले आहे. घराजवळच्या बागेतील हिरवळीवर पावसानंतर वर्तुळाकार उगवलेल्या, वितीएवढ्या रुंद, पांढऱ्या, वर तपकिरी खवले असलेल्या देखण्या छत्र्या मी उत्साहाने घरी आणल्या. वास चांगला, पापुद्रे पांढरेशुभ्र, दांड्यावर सुटे कडे. कोणालाही खाण्याजोग्या वाटाव्यात अशाच. सकाळी वाटी उचलली तेव्हा पांढऱ्या कागदावर मळकट हिरवा ठसा उमटलेला होता. ही हिरव्या बीजाणूंची छत्री उष्ण प्रदेशांत हिरवळीवर, गायरानात आणि रस्त्याकडेच्या गवतात सर्रास उगवते आणि खाल्ल्यावर बहुधा एक ते तीन तासांत भयंकर उलट्या-जुलाब सुरू होतात. तिचे पापुद्रे कोवळेपणी पांढरेच असतात, हिरवट छटा उशिरा येते. म्हणून मिटलेल्या, अर्धवट उमललेल्या छत्र्यांवर कधीही निर्णय घेऊ नये. गवतात उगवलेली मोठी पांढरी छत्री सोलापुरात कोणीच खाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

आणखी काही प्रकार पाहताक्षणी सोडून द्यावेत. बुडाला पेला असलेली कोणतीही अळंबी घेऊ नये. कुजलेल्या पेंढ्यावर आणि केळीच्या खुंटांवर येणारी पेंढ्याची अळंबी खाद्य आहे आणि तिला असा पेला असतो. पण जगातील सर्वांत घातक अळंबीलाही तो असतो, आणि आग्नेय आशियातून परदेशी गेलेल्या माणसांनी घरच्या ओळखीवर विसंबून तीच खाल्ल्याने मृत्यू ओढवले आहेत. चार-पाच सेंटिमीटरहून लहान, खवलेदार टोपीच्या नाजूक छत्र्यांपैकी काहींत तेच यकृताचे विष असते. शेणावर उगवणाऱ्या बारीक तपकिरी अळंबीतील काही जाती भ्रम निर्माण करतात. मोबाईलमधील ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपचा उपयोग नाव शोधायला सुरुवात म्हणून करावा, ताटात वाढण्यासाठी नव्हे; त्याला बूडही दिसत नाही आणि वासही येत नाही.

ओळख पक्की झाली तरी जागा पाहावी. अळंबी मातीतील जड धातू आणि विषारी द्रव्ये शोषून साठवते. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत फवारण्या सतत चालतात, त्यामुळे बागेतील किंवा बागेच्या बांधावरची, तसेच महामार्गाकडेची आणि सांडपाण्याच्या नाल्यालगतची अळंबी घेऊ नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर काहीच तोडू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून वनोपज नेण्यास मनाई आहे.

स्वयंपाकाविषयी थोडक्यात सांगतो. सकाळी ठसा पाहून झाला की लगेच शिजवावी, कच्ची कधीही खाऊ नये, आणि किमान पंधरा-वीस मिनिटे चांगली शिजू द्यावी. कांदा, लसूण आणि थोडे काळे तिखट एवढे तिला पुरते, भाकरीसोबत ती मटणाच्या तोडीची लागते. पहिल्यांदा घरातील एकाच निरोगी प्रौढाने दोन-तीन घास खावेत आणि इतरांनी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. पण हे केवळ न सोसण्याची शक्यता पाहण्यासाठी आहे, ओळखीची शंका फेडण्यासाठी नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि यकृताचा विकार असलेल्यांना रानअळंबी देऊच नये. शिजवण्याआधी एक-दोन अळंब्या बुडासकट कागदात गुंडाळून तीन दिवस फ्रीजमध्ये राखून ठेवाव्यात.

त्रास झालाच तर तो किती तासांनी सुरू झाला हे घड्याळ पाहून लिहून ठेवावे. दोन-तीन तासांत सुरू झालेल्या उलट्या बहुधा पोटाच्या विषाच्या असतात, तरी त्यांनी शरीरातील पाणी धोकादायक रीतीने कमी होते. सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होणारा त्रास अधिक भीतीदायक असतो, कारण यकृताचे विष असेच उशिरा प्रकट होते. त्यानंतर दिवसभर रुग्णाला बरे वाटते, घरचे निश्चिंत होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसू लागते. लवकर सुरू झालेला त्रासही एका ताटात दोन जाती मिसळल्या असल्यास फसवू शकतो. म्हणून मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे, तूप-दूध देणे यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. राखून ठेवलेली कच्ची अळंबी, उरलेली भाजी आणि जिथून आणली त्या जागेचा कागद सोबत न्यावा, आणि ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सर्वांना, त्रास होत नसला तरी, डॉक्टरांसमोर उभे करावे.