मीठ वाहक आहे का?

अकरावीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "मीठ विद्युतवाहक आहे का?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. त्यांनी टेबलावरचा खडा उचलला. "हे?" माझी बोलती बंद.

वाहक-दुर्वाहकांची यादी मला तोंडपाठ होती. घोळ तिथेच होता. सायन्सला नुकते आलेल्यांनी यादी सोडावी आणि दोनच गोष्टी बघाव्यात: विद्युतभार नेणारं कोण, आणि त्याला हलायला मोकळीक आहे का? मिठाच्या खड्यात आयन (विद्युतभार असलेले अणू) ठासून भरलेले, पण जागेला खिळलेले. 801 अंशांना मीठ वितळवा नाहीतर पाण्यात विरघळवा, ते सुटतात. साखर विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत.

त्या फजितीनंतर लॅमिंग्टन रोडवरून एलईडी, 470 ओहमचा रेझिस्टर आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप आणली. (घरच्या प्लगच्या वाटेला अजिबात जाऊ नका.) गिरगाव चौपाटीवरून बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं, त्यात एलईडी लख्ख पेटला. नळाच्या पाण्यात मिणमिणला. गाडीच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये अंधार. चिमूटभर मीठ पडताच उजेड!

आधी नुसत्या तांब्याच्या तारा बुडवल्या होत्या. खारं पाणी हिरवट गढूळ झालं, एक तार झिजली. मग दोन्ही टोकांना तासलेल्या पेन्सिली घेतल्या. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं: प्रत्येक कार्बन तिघांशी जोडलेला, चौथा इलेक्ट्रॉन मोकळा. हिऱ्यात चारही अडकलेले, म्हणून हिरा दुर्वाहक.

खरी मेख पुढे आहे. तारेतून इलेक्ट्रॉन येतात, तेच पाण्यातूनही धावत असणार, असं मला बारावीपर्यंत वाटायचं. पाण्यात धावतात ते आयन. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण पेन्सिलीच्या टोकाशी होते आणि तिथे रासायनिक क्रिया घडते. एका टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे, दुसरीकडे ब्लीचिंग पावडरसारखा वास, म्हणजे क्लोरिन. खिडकी उघडी ठेवा आणि प्रयोग मिनिटभरात आटपा.

हे डोक्यात बसलं की तापमानाचा प्रश्नही सुटतो. तांबं तापवलं की अणूंची थरथर इलेक्ट्रॉनना आडवी येते, वहन घटतं. मिठाचं पाणी तापवलं की आयन सहज सरकतात, वहन वाढतं.