उसाआडचा फाटा: इशारा यंत्रणेवर काम करू पाहणाऱ्या नव्या इंजिनिअरांसाठी

सिव्हिल किंवा इलेक्ट्रॉनिक्स करून रस्तासुरक्षेत यायचं ठरवलेल्यांना मी एकच सांगतो: सेन्सर निवडण्याआधी फाट्यावर जाऊन उभे राहा. तेही दोनदा, एकदा ऊस तुटून गेल्यावर आणि एकदा गळीत हंगामाच्या तोंडावर.

कोल्हापूर जिल्ह्यात फाट्यावरून किती लांबचं दिसणार, हे ऊस ठरवतो. मार्चमध्ये ज्या कोपऱ्यावरून हमरस्ता लांबवर दिसतो, तिथंच दिवाळीला दहा-बारा फुटी ऊस उभा असतो. शिवारातून येणाऱ्याला गाडीचं तोंड डांबरावर काढल्याशिवाय काही दिसत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अशा ग्रामीण चौकांवर इशारा यंत्रणा बसवल्या गेल्या. हमरस्त्यावरचं वाहन सेन्सरनं टिपायचं आणि आडरस्त्यावर थांबलेल्याला दिवा लुकलुकवून कळवायचं. वाहन येतं तेव्हाच दिवा लागतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. चोवीस तास लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्याकडे लवकरच कुणी बघेनासं होतं.

खरी मेख आहे ती वेळेत. मोटार दोनपदरी रस्ता सहा-सात सेकंदांत ओलांडते. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचं काय? स्टॉपवॉच घ्या. पुढचं चाक हललं की सुरू, मागच्या ट्रॉलीबाहेर लोंबणारे ऊस पलीकडची पांढरी पट्टी ओलांडून गेले की बंद. समजा बारा सेकंद भरले. ताशी ८० किलोमीटरनं येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर कापतो, म्हणजे तेवढ्यात सुमारे २६५ मीटर. सेन्सर फाट्यापासून त्याहून कमी अंतरावर ठेवून भागत नाही. मोटारीचा हिशेब धरून तो १५० मीटरवर बसवला, तर दिवा बंद बघून निघालेला ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध असताना ट्रक येऊन भिडेल. आणि वेग पाटीवरचा धरू नका. शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगाच्या आत असतात, तो प्रत्यक्ष मोजून घ्या.

सेन्सरचं थोडक्यात. डांबरात पुरलेली तारेची लूप लोखंड ओळखते, पण रस्ता उकरला की तुटते. रडार खांबावर राहतं, पण संथ बैलगाडी त्यातून निसटू शकते; दुचाकीवर तर दोन्हींची चाचणी घ्याच.

मला सगळ्यात जास्त काळजी बिघाडाची वाटते. सोलरची बॅटरी उतरली की दिवा विझतो, आणि विझलेला दिवा चालकाला ‘रस्ता मोकळा’ असं सांगतो. म्हणून यंत्रणा चालू आहे हे दाखवणारी वेगळी खूण पाटीवर हवीच. ती खूण ट्रॅक्टरच्या सीटवरून रात्री दिसते का, हे चालकाशेजारी बसून तपासा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या चिन्हांच्या आयआरसी ६७ आणि सुरक्षा तपासणीच्या एसपी ८८ या पुस्तिका आधी वाचून ठेवा. त्यानंतर कोपऱ्यावरच्या शेतकऱ्याला भेटा. बांधाकडेच्या चार सऱ्यांत उसाऐवजी भुईमूग घ्यायला तो तयार झाला, तर काही फाट्यांवर सेन्सरची गरजच पडत नाही.