एक धक्का की दोन? विमा कंपनीने अपघाताची चूक तुमच्या माथी मारली तर

घाटकोपरला एलबीएस मार्गावर श्रेयस सिग्नलला मी उभा होतो. पुढे कॅब, मागे छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो. मागच्याचा ब्रेक उशिरा लागला, त्याने मला ठोकलं आणि माझी गाडी जाऊन कॅबवर आदळली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझा मागचा बंपर, डिकीचं झाकण, पुढचा बंपर, जाळी आणि एक हेडलाइट एवढं गेलं. काही दिवसांनी विमा कंपनीचा मेल आला. मागचं नुकसान मंजूर, पुढचं नामंजूर. कारण काय, तर चालकाने पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर ठेवलं नाही आणि पुढचं नुकसान हा स्वतंत्र अपघात आहे. पुढच्या कामाचं एस्टिमेट होतं २३ हजारांचं.

पहिले दोन दिवस मी कॉल सेंटरशी भांडण्यात घालवले. त्यातून काहीही निघालं नाही. त्यानंतर जे केलं त्याचा उपयोग झाला, ते इथे क्रमाने लिहितो.

नकार कशासाठी आहे, ते आधी वेगळं काढा

आपल्याकडच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीचे दोन भाग असतात. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेज, हा एक. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, म्हणजे थर्ड पार्टी, हा दुसरा. पहिल्या भागात चूक कुणाची हा प्रश्नच सहसा येत नाही. तुम्ही स्वतः रिव्हर्स घेताना सोसायटीच्या खांबाला गाडी लावलीत तरी ओन डॅमेज मिळतो. दारू पिऊन चालवणं, वैध लायसन्स नसणं, खासगी गाडी भाड्याने फिरवणं अशा ठरलेल्या कारणांनी क्लेम जातो. ‘पुरेसं अंतर ठेवलं नाही’ एवढ्यावरून जात नाही.

म्हणजे माझ्या मेलमधलं पहिलं कारण नुसतंच दरडावणं होतं. खरा मुद्दा दुसरा: स्वतंत्र अपघात. तो मात्र हलक्यात घेऊ नका. एका घटनेचे दोन क्लेम झाले की सक्तीची वजावट, म्हणजे तुम्ही खिशातून भरायचा ठरलेला हिस्सा, दोनदा कापली जाते (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये, त्यापुढे २,०००). शिवाय बऱ्याच झिरो डेप कव्हरमध्ये (बदललेल्या भागांवर घसारा न कापणारं जादा कव्हर) वर्षाला दोनच क्लेमची मुभा असते. एका सिग्नलवर दोन्ही संपले तर पावसाळ्यात काय करायचं?

हे करताना रास्त कपातीही ओळखायला शिका, नाहीतर चुकीच्या ठिकाणी भांडाल. झिरो डेप नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा लागतो. आठ हजारांच्या बंपरचे चारच हजार मिळाले तर त्यात अन्याय नाही. काचेवर घसारा नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे लागतो, पहिल्या सहा महिन्यांत शून्य आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के.

क्लेम फॉर्मवरच्या चार ओळी मागवून वाचा

माझी केस इथेच फसली होती. गॅरेजमधल्या पोराने फॉर्म भरला, मी घाईत सही ठोकली. अपघाताच्या वर्णनात त्याने लिहिलं होतं, ‘गाडी पुढील वाहनाला धडकली व मागून टेम्पो लागला.’ दोन्ही गोष्टी खऱ्या, क्रम उलटा. नुकसानीची आकारणी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने तो जसाच्या तसा उचलला. त्याला काय दोष देणार?

कॅशलेसचं काम पटकन सुटावं म्हणून गॅरेजवाले अशी वाक्यं सवयीने टाकतात. कधी तर ‘खांबाला घासली’ असं सरसकट ठोकून देतात, कारण त्यात दुसरं वाहन येत नाही आणि प्रश्न कमी विचारले जातात. फॉर्मची प्रत मागा. चूक असेल तर नवीन गोष्ट रचू नका. तारीख घालून साधं दुरुस्तीपत्र लिहा: अमुक ओळीत घटनाक्रम चुकीचा लिहिला गेला, प्रत्यक्षात असं घडलं. खाली सही. फॉर्म गॅरेजने भरला होता हेही त्यात स्पष्ट लिहा.

धक्के मोजा

साखळी टकरीत सगळा वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो. सर्वांत पुढच्या गाडीतल्या माणसाला धक्के किती बसले? एकच बसला, तर मधली गाडी उभी होती आणि मागून ढकलली गेली. दोन बसले, तर बहुधा मधली आधी स्वतःहून आदळली आणि मग तिला मागून ठोकर बसली. मी कॅबवाल्याचा नंबर घेऊन ठेवला होता, हे नशीब. त्याला फोन केला.

“दादा, तुम्हाला त्या दिवशी किती धक्के बसले?”

“एकच की. पण असला जोरात, मोबाइल होल्डरमधून खाली पडला.”

हेच वाक्य व्हॉट्सअॅपवर, तारीख आणि त्याच्या गाडीच्या नंबरासकट, लिहून द्याल का म्हणून विचारलं. त्याने दिलं. माझ्या सगळ्या पुराव्यांत सर्वांत वजनदार हाच ठरला.

बाकीचं गाडीवरच वाचता येतं. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली दबतं, त्यामुळे ब्रेक मारत आदळलेल्या गाडीच्या बंपरवरची खूण जरा वर उमटते. उभी गाडी ढकलली गेली तर दोन्ही बंपरच्या खुणा उभ्या उंचीला जुळतात. माझ्या पुढच्या बंपरवर कॅबच्या नंबरप्लेटच्या स्क्रूचा गोल ठसा होता. मेजरटेप लावून, टेपचा आकडा दिसेल असा फोटो काढला. कॅबवाल्यानेही त्याच्या प्लेटच्या स्क्रूची उंची मोजून फोटो पाठवला. फरक बोटभरही नव्हता.

मागच्या बाजूला नुसत्या बंपरवर थांबू नका. बंपर उतरवल्यावर आतली लोखंडी पट्टी आणि डिकीचा तळ यांचे फोटो गॅरेजकडून घ्या. तिथे पत्रा मुडपला असेल तर मागचा ठोका किती जोराचा होता ते दिसतं, आणि एवढ्या ठोक्याने गाडी पुढे गेली असेल हे पटवायला वेगळं काही बोलावं लागत नाही. एक सूचना गॅरेजला लेखी द्या: फेरतपासणी होईपर्यंत काढलेले भाग भंगारात टाकू नका. एकदा बंपर भंगारवाल्याच्या टेम्पोत गेला की तुमच्याकडे फक्त शब्द उरतात.

डॅशकॅम असेल तर कार्ड त्याच दिवशी काढून ठेवा, कारण त्यावर जुनं पुसत नवीन लिहिलं जातं. आवाज बंद करू नका. धक्क्यांचा क्रम त्यातच ऐकू येतो. समोरच्या दुकानाचा किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर चार दिवसांत गाठा. बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा दिवसांनी जुनं चित्रण पुसलं जातं. मी मेडिकलवाल्या काकांना गोड बोलून पेन ड्राइव्हवर घेतलं. रस्त्यावरच्या पोलीस कॅमेऱ्याचं चित्रण तुम्हाला हातात मिळत नाही, त्यासाठी पोलीस ठाण्यातूनच मागणी जावी लागते. किरकोळ ठोकाठोकीत हवालदार ‘आपसात मिटवा’ म्हणतील, तरी स्टेशन डायरीत नोंद करून घ्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

मग एकच मेल, तक्रार अधिकाऱ्याला

कस्टमर केअरला लिहिलेलं बहुतेक वेळा ‘चौकशी’ म्हणून नोंदवलं जातं, आणि चौकशीला मुदत नसते. प्रत्येक कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याचा ईमेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर किंवा संकेतस्थळावर सापडतो. विषयातच ‘तक्रार’ शब्द घाला आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. कंपनीने १४ दिवसांत निकाल द्यायचा असतो. माझा मेल साधारण असा होता:

“विषय: तक्रार. क्लेम क्रमांक …, पॉलिसी क्रमांक …
दिनांक … रोजी माझी गाडी सिग्नलला थांबलेली असताना मागून टेम्पोने धडक दिली. त्या धडकेने माझी गाडी पुढे ढकलली जाऊन समोरील कॅबला लागली. दोन्ही बाजूंचे नुकसान एकाच घटनेतील आहे. क्लेम फॉर्ममध्ये घटनाक्रम उलटा लिहिला गेला आहे. दुरुस्तीपत्र सोबत आहे. कॅबचालकाचे निवेदन, उंचीचे फोटो व चित्रण जोडले आहे. पुढील नुकसान पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारले, तो अट क्रमांक कळवावा. सर्व्हे रिपोर्ट व नुकसान आकारणीची प्रत द्यावी. पुढील नुकसान याच क्लेममध्ये मंजूर करावे.”

‘अट क्रमांक कळवावा’ हे वाक्य वगळू नका. ‘पुरेसं अंतर नाही’ म्हणणाऱ्याला पॉलिसीत तशी अट शोधावी लागते आणि ती सापडत नाही.

सर्व्हे रिपोर्टबद्दल थोडं. ५० हजार आणि त्याहून मोठ्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासून आकारणारा माणूस, लागतो. त्याखाली कंपनीचा माणूस फोटोवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून आकारणी करू शकतो. माझ्याकडे तेच झालं होतं, गाडी कुणी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. तसं असेल तर प्रत्यक्ष फेरतपासणी मागा. आणि परवानाधारक सर्व्हेयर असला तरी त्याचा शब्द अखेरचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका वाहन विम्याच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. कंपनी नुसतीच वेळ काढत असेल तर नियम दाखवा: सर्व्हेयर नेमल्यापासून १५ दिवसांत रिपोर्ट, रिपोर्ट मिळाल्यापासून ७ दिवसांत निर्णय.

माझं काम इथेच झालं. फेरतपासणीला आलेल्या माणसाने स्क्रूच्या ठशावर बोट ठेवलं, टेप पाहिली, आणि पुढचं नुकसान त्याच क्लेममध्ये घेतलं.

नाही ऐकलं तर

विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरावर तक्रार टाकता येते. तिथून ती पुन्हा कंपनीकडेच जाते, फक्त आता वरून नजर असते. नियामक स्वतः चूक कुणाची हे ठरवत नाही, तेव्हा तिथे फार दिवस वाट पाहू नका.

निवाडा करतो तो विमा लोकपाल. कंपनीने नकार दिला, किंवा तक्रारीला महिना होऊनही उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत जायचं. फी नाही. वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो आणि कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अॅनेक्समध्ये आहे. पण चेंबूर, गोवंडी, घाटकोपर, भांडुप, मुलुंड हा पूर्वेकडचा पट्टा ठाण्याच्या लोकपालांकडे येतो. घाटकोपरहून उन्हातान्हात सांताक्रूझ गाठण्याआधी आपला वॉर्ड बघून घ्या. अर्ज ऑनलाइनही करता येतो.

लोकपालाचा निवाडा पटला नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. उलट मात्र होत नाही. आयोगात केस चालू असताना लोकपाल हात लावत नाहीत. आयोगासाठी मुदत दोन वर्षांची. तुम्ही भरलेली रक्कम, म्हणजे प्रीमियम, पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. वीस-पंचवीस हजारांसाठी मी आधी लोकपालच निवडेन, आयोगातल्या तारखा मोजायला आयुष्य कमी पडतं.

समोरचाच तुमच्यावर क्लेम टाकेल तेव्हा

इथे मात्र चूक कुणाची हे खरोखर ठरतं, आणि ते ठरवतं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तुमच्या पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, वचन द्यायचं नाही. म्हणून सिग्नलवर गर्दी जमली, कुणी ‘भाऊ, मान्य करून टाका, दोन हजार द्या, विषय संपवा’ म्हणालं, तरी तसं लिहून देऊ नका. नोटीस आली तर त्याच दिवशी कंपनीला पाठवा आणि कॅबवाल्याचं निवेदन, फोटो, चित्रण सगळं तिच्या हवाली करा. तुमच्या वतीने लढायचं काम कंपनीचं असतं. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं.

टेम्पोवाल्याकडून तुम्हाला वसूल करायचं असेल तर तोही रस्ता त्याच न्यायाधिकरणातून जातो, सहा महिन्यांच्या आत. एवढ्याशा रकमेसाठी मी गेलो नाही.

नूतनीकरणाच्या वेळी जाऊन पाहिलं तर क्लेम घेतल्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्य झाला होता. चूक कुणाचीही असो, ओन डॅमेज घेतला की तो जातोच. त्याची बेरीज आधीच करून ठेवा: बोनसची सूट फक्त ओन डॅमेज प्रीमियमवर असते, त्यामुळे आठ हजारांवर ३५ टक्के म्हणजे २,८०० रुपये. पण माझ्या खात्यावर क्लेम दोन दिसत होते. निर्णय बदलला तरी पुढच्या नुकसानीचा आधी उघडलेला दुसरा क्रमांक कुणी बंद केला नव्हता. त्याच तक्रार क्रमांकाखाली आणखी एक मेल टाकावा लागला, मग एक झाला.