क्यूएलसी प्लसमध्ये प्रकाशाचे थर आणि क्यू कसे बांधावेत

एक प्रसंग घेऊ. वाड्याच्या ओसरीवर सासू-सून बोलत बसल्या आहेत, मागचे आकाश दीड मिनिटात हळूहळू काळवंडते, मधेच सून कंदील लावते आणि शेवटी सासूच्या चेहऱ्यापुरताच उजेड उरतो. हे तिन्ही बदल वेगवेगळ्या गतीचे आहेत. ते एकाच क्यूमध्ये, म्हणजे ठरलेल्या क्षणी द्यायच्या एकाच प्रकाशबदलात कोंबले, तर कंदिलाचे बटण दाबताक्षणी आकाशाचा संथ फेड (हळूहळू होणारा उजेडाचा बदल) अर्धवट तुटतो. म्हणून आकाश, अभिनयक्षेत्र आणि कंदील हे तीन स्वतंत्र थर मानून प्रत्येकाची बांधणी वेगळी करावी. त्यासाठी येथे क्यूएलसी प्लस हे विनामूल्य सॉफ्टवेअर घेतले आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि यूएसबी-डीएमएक्स इंटरफेसमार्फत (डीएमएक्स म्हणजे रंगमंचावरील दिव्यांना आज्ञा देण्याची पद्धत) डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारे यंत्र, व एलईडी पार, म्हणजे एलईडीचे रंगीत झोतदिवे, यांना आज्ञा पाठवते.

सुरुवात कागदावर करावी. संहितेच्या समासात प्रत्येक बदलाची जागा, त्याला लागणारा वेळ आणि त्याचा थर लिहावा. त्यानंतर कोणता दिवा कोणत्या थराचा हे ठरवावे. एक दिवा शक्यतो एकाच थराच्या ताब्यात असावा. पुढचे सारे काम या एका शिस्तीवर उभे आहे.

आता ‘फिक्स्चर्स’मध्ये दिवे नोंदवावेत. डीएमएक्सच्या एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका संचात, 512 चॅनेल असतात आणि प्रत्येकाचे मूल्य 0 ते 255 असते. आठ चॅनेलचे तीन पार असतील, तर त्यांचे पत्ते 1, 9 आणि 17 येतील. दिव्यावर निवडलेला मोड (चॅनेलची मांडणी) आणि सॉफ्टवेअरमधला मोड जुळतो का, हे याच वेळी तपासावे, कारण तो जुळला नाही तर लाल मागितल्यावर भलताच रंग उमटतो.

‘फंक्शन्स’मध्ये प्रत्येक थराचे सीन (दिव्यांच्या मूल्यांची साठवलेली मांडणी) करताना फक्त त्या थराच्या चॅनेलवर खूण ठेवावी. खूण नसलेल्या चॅनेलला तो सीन हात लावत नाही. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. प्रखरतेच्या चॅनेलवर दोन सीन एकाच वेळी चालू असले, तर त्यांतले मोठे मूल्य टिकते. लाल, हिरवा, निळा हे रंगही क्यूएलसी प्लस प्रखरतेतच धरते. त्यामुळे एकाच पारवर एका थराने पिवळसर उजेड आणि दुसऱ्याने निळा मागितला, तर रात्र न होता फिकट पांढरट प्रकाश पडतो. वर सांगितलेली शिस्त पाळली, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

मग सीन ‘चेसर’मध्ये ओळीने लावावेत. अभिनयक्षेत्रासाठी एक चेसर आणि आकाशासाठी दुसरा करावा. दोन्हींत ‘होल्ड’ अनंत ठेवावा, म्हणजे चालक पुढे जाईपर्यंत पायरी थांबून राहते, आणि क्रम ‘सिंगल शॉट’, म्हणजे एकदाच चालणारा, ठेवावा. आकाशाच्या रात्रीच्या पायरीला 90 सेकंदांचा फेड-इन द्यावा. पुढच्या पायरीत नसलेल्या दिव्यांसाठी फेड-आउटही भरावा, नाहीतर ते फटकन विझतात. कंदिलासाठी 180, 210, 195 अशा मूल्यांचे तीन-चार सीन घेऊन असमान वेळांचा छोटा चेसर करावा आणि तो मात्र ‘लूप’मध्ये ठेवावा. वेळा सारख्या ठेवल्या, तर ज्योत न वाटता यंत्राची उघडझाप वाटते.

‘व्हर्च्युअल कन्सोल’ या पडद्यावरच्या नियंत्रण-फलकावर दोन चेसरांसाठी दोन क्यू लिस्ट (पायऱ्यांच्या याद्या) आणि कंदिलासाठी एक बटण मांडावे. प्रत्येकाला वेगळी कळ द्यावी. पायरीच्या टिपेत क्यूचे वाक्य लिहावे. ‘क्यू 7’ यापेक्षा ‘“दिवा लाव गं” नंतर’ ही नोंद अंधारात कितीतरी लवकर सापडते.

संथ फेडची परीक्षा रंगमंचावरच घ्यावी. एलईडीचे मूल्य 60 वरून 20 वर 90 सेकंदांत आणायचे असेल, तर मध्ये केवळ 40 टप्पे मिळतात. म्हणजे एक टप्पा दोन सेकंदांहून अधिक काळ टिकतो आणि उजेड धक्क्याधक्क्याने उतरताना दिसतो. हॅलोजनची तार सावकाश थंड होत असल्याने तेथे हे फारसे जाणवत नाही. एलईडीला 16-बिटचा मोड असल्यास तो निवडावा, कारण त्यात 65,536 टप्पे असतात. तो नसल्यास दिव्यासमोर गडद फिल्टर लावून त्याला वरच्या मूल्यांत चालवावे. माझ्या मते संध्याकाळसाठी हॅलोजनच राखून ठेवणे सर्वांत चांगले.

रंगीत तालमीत थर आधी एकेकटे आणि मग एकत्र चालवावेत. विशेषतः आकाशाचा फेड चालू असताना कंदील लावून पाहावा. प्रयोगाच्या दिवशी लॅपटॉपची झोप, स्क्रीनसेव्हर आणि आपोआप होणारी अपडेट बंद करावीत, फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तिसऱ्या घंटेपूर्वी ‘ऑपरेट मोड’ चालू करून पहिल्या पायरीवर थांबावे.