नागपुरात शास्त्रीय संगीताच्या जुन्या रेकॉर्ड स्वस्तात कशा मिळवाव्यात

जुन्या रेकॉर्डचा भाव गाण्याच्या दर्जावर ठरत नाही, गिऱ्हाइकावर ठरतो. हिंदी सिनेमाच्या एलपीला (मिनिटाला ३३ फेरे घेणाऱ्या मोठ्या रेकॉर्डला) गिऱ्हाईक भरपूर, म्हणून कबाडी ती वेगळी काढून ठेवतो. त्याच गठ्ठ्यातली उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी रागांची एलपी त्याच्या लेखी ‘वो पुराना गाना’ असते. ज्याला नाव ओळखता येतं त्याला ती सिनेमाच्या रेकॉर्डच्या निम्म्या भावात मिळते. म्हणून स्वस्त खरेदीची तयारी घरी, कागद-पेन घेऊन सुरू होते.

यादी करताना गायक, राग आणि कंपनी अशा तिन्ही गोष्टी लिहा. नुसतं ‘भीमसेन जोशी’ लिहून उपयोग नाही, कारण त्यांच्या इतक्या रेकॉर्ड निघाल्या आहेत की घाईत तीच अभंगांची कॅसेट तिसऱ्यांदा घरी येते. यादीत प्रत्येक कलाकाराचा काळही टिपा, पैसे वाचतात ते इथेच. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, फैयाज खाँ १९५० साली, द. वि. पलुसकर १९५५ साली. एलपी आपल्याकडे रुळली ती त्यानंतर. म्हणजे या तिघांच्या नावाची कुठलीही एलपी दिसली तरी तिच्यातलं गाणं मुळात ७८च्या तव्यावरून (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवरून) किंवा रेडिओच्या ध्वनिमुद्रणावरून घेतलेलं असणार. तेच गाणं पुढे कॅसेटवर आलं, सीडीवर आलं. ऐकण्यासाठीच हवं असेल तर जो प्रकार सगळ्यांत स्वस्त मिळेल तो घ्या. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीने १९९०च्या दशकात ‘चेअरमन्स चॉइस’ नावाने जुन्या तव्यांवरची गाणी कॅसेट आणि सीडीवर आणली होती. ही मालिका कुठे दिसली तर सोडू नका.

अमीर खाँ, किशोरीताई आमोणकर, कुमार गंधर्व, सतारवादक निखिल बॅनर्जी यांची गोष्ट निराळी. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात हे धरून त्यांनी एलपीसाठी राग मांडला. तिथे मूळ एलपी चांगल्या स्थितीत मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. एचएमव्हीच्या एलपीचा क्रमांक बघायला शिका : ईएएलपी आणि ईसीएलपीने सुरू होणारे मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडीने सुरू होणारे स्टिरिओ. एकट्या गळ्याच्या आणि तानपुऱ्याच्या गाण्याला मोनोने काही बिघडत नाही. स्टिरिओसाठी जास्त भाव मागितला तर देऊ नका.

कुठे आणि कधी

नागपुरात दोन हंगाम धरा. पहिला दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे, घरोघरी माळे उतरवले जातात तेव्हा. दुसरा एप्रिल-मे, शाळा संपल्यावर लोक घरं बदलतात आणि जुनी घरं पाडून फ्लॅट स्कीमला देतात तेव्हा. धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली, महाल या जुन्या वस्त्यांमधल्या कबाड्यांकडे या दिवसांत आठवड्यातून एकदा चक्कर ठेवा. वस्तीप्रमाणे मालही बदलतो. महालातल्या मराठी घरांतून नाट्यसंगीत, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर निघतात. धंतोलीतल्या बंगाली घरांतून रवींद्रसंगीताच्या सोबतीने सतार-सरोद निघते, आणि वाद्यसंगीताला गिऱ्हाईक गाण्याहूनही कमी.

कबाड्याशी बोलताना ‘ध्वनिमुद्रिका’ म्हणाल तर तो तोंडाकडे बघत राहील. ‘भैया, पुराने तवे हैं क्या, बाजे के?’ असं विचारा. कॅसेटबद्दल वेगळं विचारा, कारण त्या प्लास्टिकच्या पोत्यात जातात आणि रेकॉर्ड रद्दीच्या बाजूला. आपला फोन नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि माल आल्यावर कळवल्याचे वीस-पन्नास रुपये आठवणीने द्या, त्या दिवशी काही घेतलं नाही तरीही. पुढचा फोन त्याच पन्नास रुपयांवर येतो.

बर्डीतली (सीताबर्डी बाजारातली) जुन्या पुस्तकांची दुकानं, रेडिओ-टेप दुरुस्तीची उरलेली दुकानं आणि निवृत्त संगीत शिक्षकांची घरं यांनाही विचारून ठेवा. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात शास्त्रीय मैफल असली की मध्यंतरात सत्तरीतल्या श्रोत्यांशी बोला. ज्यांच्याकडे संग्रह आहे आणि मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत, असे लोक तिथेच भेटतात. घरून थेट घेताना मात्र कबाड्याचा भाव लावू नये. ‘काकू, काकांच्या रेकॉर्डमधल्या एवढ्या मला हव्यात, प्रत्येकीचे इतके देईन’ असं सरळ सांगावं. सगळ्याचं डिजिटल करून एक पेनड्राइव्ह त्यांना आणून द्यावा. काकांचा आवडता तवा त्यांनाही ऐकायला मिळतो, आणि त्या ओळखीतल्या दुसऱ्या घराचं नावही सांगतात.

अशा घरांत हाताने नाव लिहिलेल्या सी-९० (घरी भरायच्या, नव्वद मिनिटांच्या) कॅसेट दिसल्या तर त्या आधी बाजूला काढा. नागपूरला आकाशवाणीचं केंद्र १९४८ पासून आहे आणि संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासून लागतो. शौकीन लोक रेडिओला टेप लावून रात्री ध्वनिमुद्रण करत. पेन्सिलीने ‘जयजयवंती, शनिवार’ एवढंच लिहिलेल्या टेपवर कुठल्याही कंपनीने न काढलेलं गाणं असू शकतं. आणि अशा टेपला कोणी भावच लावत नाही.

हातात घेऊन तपासणं

कबाड्याकडे प्लेअर नसतो. मोबाइलचा टॉर्च आणि मऊ सुती फडकं एवढं पुरतं.

रेकॉर्ड कडेने आणि लेबलला धरून बाहेर काढा. सगळ्यांत आधी लेबल वाचा, कव्हर नंतर. कव्हर एकाचं आणि आत रेकॉर्ड दुसरी, हा प्रकार फार होतो. मग टॉर्च अगदी आडवा धरून रेकॉर्ड हळूहळू फिरवा. चांगली रेकॉर्ड काळी चकचकीत दिसते. जड सुईने खाल्लेली राखी दिसते, आणि ती राखी पट्टी बहुधा तानांच्या जागी असते, कारण आवाज मोठा झाला की खाचा जास्त वळणावळणाच्या होतात आणि सुई तिथेच घासते. धुऊन हा राखीपणा जात नाही. धूळ आणि बोटांचे डाग जातात.

शास्त्रीय गाण्यासाठी दोन जागा बारकाईने बघाव्या लागतात. बाहेरच्या कडेचे पहिले दोन सेंटिमीटर, म्हणजे आलाप. आवाज बारीक, मागे तानपुरा, त्यामुळे तिथला प्रत्येक चरा ऐकू येतो. सुई आपटते तीही तिथेच. सिनेमाच्या गाण्यात जो कट्-कट् आवाज ढोलकीत बुडून जातो, तो विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, गाण्यातल्या पहिल्या ‘सा’वर डोक्यात जातो. दुसरी जागा लेबलजवळचे शेवटचे दोन सेंटिमीटर, म्हणजे द्रुत (जलद लयीतलं गाणं) किंवा ‘झाला’ (सतार-सरोदच्या शेवटचं वेगवान वादन). आत जाता जाता खाचेचा घेर लहान होतो, तेवढ्याच वेळाचा आवाज कमी लांबीत बसवावा लागतो आणि आवाज फाटू लागतो. आतली कड राखी असेल तर झाल्याच्या वेळी सतार पत्र्यासारखी वाजेल.

चऱ्यावरून नख अलगद फिरवा. नखाला लागला तर वाजतानाही लागणार. खाचांना आडवा चरा एलपीवर मिनिटाला ३३ वेळा टिचकी देतो. तो अर्धा सेंटिमीटर लांब असेल तर चालवून घेता येतं, कडेपासून लेबलपर्यंत असेल तर रेकॉर्ड परत ठेवा. मधल्या भोकाभोवती लेबलवर केसासारख्या रेषांचं जाळं दिसलं तर ती रेकॉर्ड खूप वाजलेली आहे हे समजा. शेवटी रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरून कड पाहा. हलकी लाट चालते, पण बशीसारखी झालेली किंवा कडेला एकाच ठिकाणी उचललेली घेऊ नका. इथल्या उन्हाळ्यात माळ्यावर आडव्या रचलेल्या रेकॉर्डची हीच गत होते. काचांमध्ये दाबून सरळ करण्याचे उपाय सांगतात, त्यात खाचा बिघडण्याचा धोका जास्त.

७८चे तवे लाखेचे असतात. दहा इंची तव्याचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. एका बोटावर भोकातून टांगून कडेला नखाने हलकं वाजवा : अखंड तवा टणकन वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. कडेचा टवका उडालेला असला तरी तो खाचांपर्यंत पोचला नसेल तर बिनधास्त घ्या. एकेका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच असतात, तेव्हा रागाच्या विस्ताराची अपेक्षा ठेवू नका. तेवढ्यात गायिका केसरबाई केरकर काय मांडून जातात ते ऐकण्यासाठी तवा घ्यायचा. १९२५ च्या आधीचे, मायक्रोफोनशिवाय भोंग्यात गाऊन केलेले तवे संग्राहक चढ्या भावाने घेतात. स्वस्त संग्रहाच्या मागे असलेल्याने त्या वाटेला न जाणं बरं.

कॅसेटमध्ये चार गोष्टी पाहायच्या. टेपच्या मागचा फेल्टचा चिमुकला तुकडा जागेवर आहे का? नसेल तर आवाज दबका येतो. तो दुसऱ्या बेवारशी कॅसेटमधून काढून बसवता येतो, म्हणून पाच स्क्रूच्या, उघडता येणाऱ्या दोन-चार फालतू कॅसेट पाच-पाच रुपयांत घेऊनच ठेवा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट प्लेअरमध्ये घातली की बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते, म्हणून फुकट मिळाली तरी नको. टेपची कड चुरगळली असेल तर आवाज एका बाजूने जात-येत राहतो. आणि कंपनीच्या कॅसेटच्या वरच्या दोन खाचा चिकटपट्टीने बुजवलेल्या असतील तर तिच्यावर कोणीतरी दुसरंच काही भरलं असण्याची शक्यता मोठी.

सीडी खालून चंदेरी असावी. जांभळट, हिरवट किंवा निळसर दिसली तर ती घरी लिहिलेली नक्कल आहे. खालच्या बाजूचे बारीक चरे बहुतेक वेळा त्रास देत नाहीत. छापील बाजूचा चरा जास्त घातक, कारण चकाकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. सीडी दिव्यासमोर धरा, टाचणीएवढी भोकं दिसली तर नको.

भाव

दुकानात शिरण्याआधी कमाल आकडा मनात ठरवा : कॅसेटला ५०, तव्याला १००, सीडीला १५०, चांगल्या स्थितीतल्या एलपीला ४०० रुपये. यापुढे जायचं ते यादीतल्या नावासाठीच. पूर्ण गठ्ठ्याचा भाव एकेका रेकॉर्डपेक्षा कमी पडतो, पण गठ्ठ्यात निदान एक तृतीयांश रेकॉर्ड आपल्या कामाच्या असतील तरच तो घ्यावा. नको असलेल्या सिनेमाच्या एलपी पुढे विकून पैसे वसूल होतात. हवी ती रेकॉर्ड हातात घेऊन भाव विचारू नये. तीन-चार रेकॉर्डमध्ये ती ठेवून सगळ्यांचा मिळून विचारावा. ऑनलाइन जाहिरातीतली रेकॉर्ड घ्यायची असेल तर आडव्या प्रकाशातला फोटो मागा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत राखी रेकॉर्डही काळी दिसते.

घरी आणल्यावर

गाडीच्या डिकीत, उन्हात, पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना बंद डिकीत एलपी वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, कापडी पिशवीत, उभी आणा. तव्यांमध्ये टॉवेल घाला.

धुण्यासाठी बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांमध्ये सुकतात आणि मग तेच कडकड वाजतात. एक लिटरला भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोनच थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा आणि सावलीत उभी सुकवा. एलपीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं तरी चालतं. ७८च्या तव्याला ते चुकूनही लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तवा तुमच्या डोळ्यांदेखत काजळतो.

एलपीच्या सुईने तवा वाजवू नये. एलपीच्या सुईचं टोक ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तव्याची खाच मागते ३ मिल. बारीक सुई खाचेच्या तळाशी बसून तिथला कचराच ऐकवते. नवी आलेली कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात.

कपाट कूलरच्या झोताच्या समोर नसावं. नागपुरातल्या संग्रहांना उन्हाच्या खालोखाल त्रास कूलरचाच. चार महिने दमट हवा एकाच भिंतीवर येत राहते, कव्हरं फुगतात आणि कॅसेटला बुरशी धरते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकमेकींना टेकलेल्या पण दाबलेल्या नकोत. आतलं प्लास्टिकचं जुनं पाकीट चिकट लागत असेल तर काढून कागदी घाला. प्रत्येक रेकॉर्डचा क्रमांक, राग, स्थिती आणि दिलेली किंमत एका वहीत लिहा, आणि पुढच्या वेळी कबाड्याकडे जाताना त्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या.